भुसावळला गाडी कशासाठी आली?

तुम्ही विचारलंय: "आजोबा सांगायचे, सत्तावनचं बंड मोडलं आणि पलटणी भराभर हलवता याव्यात म्हणून साहेबाने भुसावळला गाडी आणली. मुलीच्या पुस्तकात मात्र लिहिलंय की इंग्रजांनी कापूस न्यायला रेल्वे बांधली. यातलं खरं कोणतं?"

उत्तर लांबेल, पण प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या बांधकाम खात्यात गेली. त्यातली बरीच वर्षं मोजणीची, म्हणजे डोंगर-नाले तुडवत नवी लाईन कुठून न्यायची ते ठरवून खुंट्या मारत जाण्याची. जुन्या घाटातल्या भिंती, पूल आणि बोगदे तपासायचं कामही वाट्याला आलं. त्यामुळे इतिहास मी आधी जमिनीवर वाचला आणि कागद नंतर उघडले.

त्या कामातून एक सवय लागली. एखादी लाईन कशासाठी बांधली हे कळायला अहवालाचं पहिलं पान पुरत नाही. एका नव्या मार्गाच्या प्राथमिक मोजणीत मी होतो. अहवालात पहिलं कारण होतं मागास तालुक्यांचा विकास. नकाशात मात्र एका छोट्या स्टेशनला पूर्ण मालगाडी मावेल एवढी सायडिंग, म्हणजे गाडी उभी करायचा बाजूचा रूळ, होती, आणि प्रवाशांचा फलाट जेमतेम चार डब्यांचा. शेजारी चुनखडीचा डोंगर होता. अहवाल खोटा नव्हता, त्या तालुक्यांना गाडी मिळणारच होती. पण पैसा कुठल्या कारणासाठी मंजूर झाला ते सायडिंगवरून कळत होतं. तेव्हापासून कुठल्याही लाईनकडे बघताना मी चार गोष्टी तपासतो: चढ किती ठेवलाय, रुळांची रुंदी कोणती, स्टेशन कुठे आणि कसं बांधलंय, आणि नुकसान झालं तर ते कोणाच्या खिशातून जाणार. तुमच्या प्रश्नालाही मी हेच लावणार आहे.

पण त्याआधी प्रश्न थोडा बदलून घेऊ. 'लष्कर की कापूस' असं विचारलं की दोघांपैकी एकाला हरवावं लागतं. त्यापेक्षा असं विचारू: १८५७ चं युद्ध झालंच नसतं, तर भुसावळला गाडी आली असती का? आणि आली असती, तर युद्ध संपल्यामुळे तिच्यात नेमकं काय बदललं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. आली असती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. कलकत्त्याहून लाहोरकडे, मुंबईहून उत्तरेकडे, मुंबईहून मद्रासकडे असे मोठे मार्ग त्यात सुचवलेले आहेत. फौजा आणि त्यांचं सामान झटपट हलवणं हे कारण तिथे आहेच, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवाय हेही त्याच टिपणात आहे. म्हणजे तुमचे आजोबा आणि मुलीचं पुस्तक, दोघांचीही कारणं १८५७ च्या चार वर्षं आधीच एका कागदावर शेजारी शेजारी लिहिलेली होती.

कागदच कशाला, कुदळही पडली होती. भोर घाटाचं, म्हणजे खंडाळ्याच्या घाटाचं, काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. थळ घाट, म्हणजे कसारा ते इगतपुरी, हा तुमच्या भुसावळच्या वाटेवरचा खरा अडसर. मुख्य अभियंता जेम्स बर्कलीने त्याची पाहणी, पर्यायी रेषा, चढाचे हिशेब हे सगळं बंडाआधीच केलेलं होतं. घाटाची मोजणी मी स्वतः केलेली असल्याने सांगतो, १ किलोमीटर बरी रेषा मिळायला कधीकधी अख्खा हिवाळा जातो. बर्कलीची रेषा घाईची नाही. ती निवांत बसून काढलेली आहे.

आता युद्धाकडे येऊ. १८५७ च्या मे महिन्यात सगळ्या हिंदुस्थानात मिळून ३०० मैलही रेल्वे नव्हती. कलकत्त्याहून निघणारी लाईन राणीगंजला संपत होती, साधारण १२० मैलांवर. मद्रासहून जहाजाने आलेली कर्नल नीलची पलटण हावड्याला गाडीत बसायला आली तेव्हा नदी ओलांडून यायला शिपायांना उशीर होत होता आणि स्टेशनवरचे लोक वेळेवर गाडी सोडायला निघाले होते. नीलने त्यांनाच पहाऱ्यात बसवलं आणि आपले लोक येईपर्यंत गाडी थांबवून धरली. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही: राणीगंजला रूळ संपले आणि तिथून काशीपर्यंत तीच पलटण बैलगाड्यांनी आणि डाकेच्या घोडागाड्यांनी तुकड्यातुकड्यांत गेली. रेल्वेने वाचवलेला वेळ पुढच्या मातीच्या रस्त्यावर खर्च झाला. कलकत्ता आणि लंडन दोन्हीकडे हे राणीगंज फार खुपलं.

बिहारमध्ये आऱ्याला तर रेल्वेचा एक अभियंताच वेढ्यात सापडला. रिचर्ड व्हिकर्स बॉइल त्याचं नाव. त्याने आवारातल्या बिलियर्डच्या छोट्या दुमजली इमारतीला विटा आणि वाळूच्या पोत्यांनी मजबूत करून घेतलं, आणि कुंवरसिंहांच्या बाजूच्या फौजेने वेढा घातल्यावर साठ-सत्तर जणांनी त्यात आठवडाभर तग धरला. मी हे सांगतोय ते बॉइलच्या कौतुकासाठी नाही. रेल्वे बांधणारे लोक त्या युद्धाच्या मधोमध होते आणि लढणाऱ्यांच्या लेखी ते सरकारचेच लोक होते, हे त्यातून दिसतं. रुळांचे ढीग, चुन्याच्या भट्ट्या, अभियंत्यांचे बंगले यांच्यावर हल्ले झाले आणि उत्तरेतली कामं मागे पडली. म्हणजे युद्धाने रेल्वेला आधी खीळ घातली.

इथे आणखी एक गोष्ट जोडतो, कारण ती नेहमी राहून जाते. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, राजमहालच्या डोंगराळ भागात संथाळांनी उठाव केला. सावकार, जमीनदार आणि पोलीस हे त्यांच्या रागाचं मुख्य कारण. पण त्याच पट्ट्यातून रेल्वेची लाईन जात होती आणि तिथल्या साहेब लोकांनी केलेली जबरदस्ती, न दिलेले पैसे याही त्यांच्या तक्रारी होत्या. आपण 'युद्ध संपलं म्हणून रेल्वे आली' असं बोलतो तेव्हा रेल्वेची कामंही लढ्याच्या कारणांत होती हे विसरतो.

मग युद्ध संपल्यावर काय बदललं? माझ्या मते सर्वात मोठा बदल पैशात झाला आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

१ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा निघाला, कंपनी सरकार गेलं. युद्धाचा प्रचंड खर्च हिंदुस्थानच्याच तिजोरीवर टाकला गेला. म्हणजे तिजोरी रिकामी आणि रेल्वे तर तातडीने हवी. यावर तोड तयारच होती, हमीची. बंडाआधीपासून रेल्वे कंपन्यांना सरकार वचन देत होतं: जमीन ९९ वर्षांसाठी फुकट, आणि तुम्ही घातलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याज. नफा कमी पडला तर फरक सरकार भरेल. सरकार भरेल म्हणजे शेतसारा आणि मिठाचा कर भरणारा माणूस भरेल. युद्धानंतर ही हमी हात सैल सोडून दिली गेली. १८५९ संपेपर्यंत आठ कंपन्यांशी मिळून सुमारे ५,००० मैलांचे करार झालेले होते. १८६० मध्ये प्रत्यक्ष चालू लाईन होती साधारण ८४० मैल. १८७० मध्ये ती झाली साधारण ४,८०० मैल.

बांधकामातला माणूस म्हणून या हमीचा एक परिणाम मला जास्त खटकतो. खर्च वाढला तरी ज्याचं काही जात नाही, तो खर्चावर लक्ष ठेवत नाही. व्याज खर्चलेल्या भांडवलावर मिळत होतं, मग लाईन स्वस्तात बांधायची कशाला? सुरुवातीचा अंदाज मैलाला ८,००० पौंडांचा धरला जायचा, प्रत्यक्षात सरासरी त्याच्या दुपटीच्याही पुढे गेली. विल्यम मॅसी नावाचे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थ सदस्य होते. त्यांनी नंतर इंग्लंडच्या संसदीय समितीपुढे साक्ष देताना कबूल केलं की ५ टक्क्यांची खात्री असल्यावर पैसा हुगळी नदीत फेकला की विटा-चुन्यात घातला, याच्याशी गुंतवणूकदाराला देणंघेणं नव्हतं. आणि इतका खर्च करूनही काम चोख झालं म्हणावं, तर भोर घाटातला मोठा दगडी पूल १८६७ च्या जुलैत कोसळला. पुढे तपासणीत घाटातल्या इतर दगडी कामातही दोष निघाले. जुन्या पुलाच्या भिंतीला हातोडी लावली की आतून कसा आवाज येतो यावरून चुना नीट भरलाय की आत नुसता दगडांचा भरणा आहे ते ओळखता येतं. असा पोकळ आवाज मी ऐकलाय. तो ऐकला की पोटात गोळा येतो, कारण वरून गाड्या जात असतात.

या घाईची खरी किंमत मात्र पौंडात मोजता येत नाही. भोर घाटात १८६१ साली कामाच्या ऐन जोरात ४२,००० च्या आसपास माणसं एका वेळी राबत होती. पंचवीस बोगदे काळ्या पाषाणातून हाताने, छिन्नी आणि सुरुंगाच्या दारूने काढलेले. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून तिथे मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर पहिल्या ठेकेदाराकडून काम गेलं. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. पुढे त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका चालवला आणि काम तडीस नेलं. तिचं नाव निदान नोंदलं गेलं. १८५९-६० च्या मोसमात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या केल्या त्या लोकांचं तसं झालं नाही. दरवर्षी पावसाळ्यात काम थांबायचं, माणसं गावी शेतीला जायची आणि दिवाळीनंतर पुन्हा घाट चढायची. पुढच्या हंगामात कोण आलं नाही याचा हिशेब मुकादमापाशीच राहिला. लोणावळ्याला जाताना खिडकीतून बोगदे मोजणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगावं असं मला वाटतं. तुमच्या मुलीलाही सांगा.

दुसरा बदल स्टेशनांत झाला. इथे तुमच्या आजोबांची बाजू सर्वात भक्कम आहे. लाहोरचं स्टेशन १८५९-६० मध्ये विल्यम ब्रंटन या अभियंत्याने बांधलं. जाडजूड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, भिंतीत बंदुका रोखायला जंग्या, आणि गाड्या ज्या कमानीतून आत येतात त्या बंद करता येतील असे लोखंडी दरवाजे. स्टेशनच्या नावाने बांधलेला तो एक किल्ला आहे. दिल्लीत तर लाईनच किल्ल्यातून काढली. यमुना ओलांडून येणारी गाडी सलीमगडाच्या आवारातून आणि लाल किल्ल्याच्या कडेने शहरात शिरते. ज्या किल्ल्यातून बहादूरशहा जफरच्या नावाने लढाई झाली तिथूनच रूळ नेण्यामागे सोय होती तशी जरबही होती. शहरं फोडून रुंद रस्ते काढले, स्टेशनं छावणीच्या हाताशी ठेवली. पुढे रेल्वेतल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या बंदूकधारी स्वयंसेवक तुकड्याही उभ्या झाल्या. इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड रविवारी कवायत करायचे. मोक्याच्या जागांवर हिंदी माणूस नेमायला पुढची कित्येक वर्षं रेल्वे जी कचरत राहिली, त्यामागे सत्तावनची भीती होती, असं मी खात्रीने म्हणतो.

इथवरचं थोडक्यात असं: मार्ग बंडाआधी ठरलेले होते, काम सुरूही झालेलं होतं. बंडानंतर पैसा मोकळा सुटला, वेग वाढला, आणि उत्तरेकडे स्टेशनांना तटबंदीचं रूप आलं.

आता भुसावळ. तुमच्या गावात दोन्ही उत्तरं एकाच स्टेशनातून फुटतात, म्हणून हा प्रश्न भुसावळकराने विचारला याचा मला फार आनंद झाला. रेल्वे येण्याआधी ते तापीकाठचं छोटं गाव होतं. जानेवारी १८६५ मध्ये थळ घाट खुला झाला आणि लाईन खानदेशातून पुढे सरकली. भुसावळला तिला दोन फांद्या फुटल्या. एक पूर्वेला अकोला, बडनेरा करत २० फेब्रुवारी १८६७ ला नागपूरला पोचली. दुसरी उत्तरेला बऱ्हाणपूर, खंडवा करत जबलपूरला गेली आणि तिथे मार्च १८७० मध्ये कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे आलेल्या लाईनला मिळाली. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती तेव्हा.

पूर्वेची फांदी पाहा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. सगळा काळ्या जमिनीचा, कपाशीचा मुलूख. लाईन सपाट पूर्णेच्या खोऱ्यातून जाते, वाटेत नाव घेण्याजोगा घाट नाही. आणि खरा पुरावा छोट्या फाट्यांत आहे. जलंबहून खामगावला जाणारा आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने येऊन खुला केला. बडनेऱ्याहून अमरावतीला असाच फाटा निघाला. खामगावला मोठी लष्करी छावणी नव्हती, होता तो कापसाचा बाजार. पलटणीसाठी कोणी आठ मैलांचा फाटा काढून बाजाराच्या दारात संपवत नाही.

इथे दुसरं एक युद्ध येतं आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी काढली जाते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. पण त्या चार वर्षांत घाटाखाली कापूस उतरवायला बहुतांशी बैलगाडीच होती. थळ घाट खुला झाला जानेवारी १८६५ मध्ये, आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा मुंबईतल्या नामांकित पेढ्या बुडाल्या. म्हणजे ज्या तेजीसाठी गाडी हवी होती ती तेजी गाडी येताना संपली. तरी बांधकाम थांबलं नाही, कारण ५ टक्के कापसाच्या भावावर अवलंबून नव्हते. शेतकऱ्याचं मात्र सगळं भावावरच अवलंबून होतं. ज्वारी सोडून कपाशी लावलेल्या माणसाला आता गाडीही मिळाली आणि पडलेला भावही.

उत्तरेची फांदी वेगळी. तिचा पहिला उपयोग मुंबई-कलकत्ता जोडणं: विलायतेची डाक, मोठे अधिकारी, आणि हो, फौजा. याच सातपुडा-नर्मदेच्या टापूत १८५८ च्या शेवटी तात्या टोपे इंग्रजांच्या अनेक तुकड्यांना महिनोन्महिने हुलकावण्या देत फिरले. नर्मदा उतरून दक्षिणेकडे आले, पुन्हा ओलांडून निसटले. त्या पाठलागात बैल आणि उंटांवर विसंबलेल्या सेनापतींना या मुलखात रूळ किती हवेसे वाटले असतील ते सांगायला नको. म्हणून या फांदीबद्दल आजोबांचं म्हणणं मी बरंचसं मान्य करतो. 'बरंचसं' म्हणतो, कारण ही लाईन निव्वळ लष्करी असती तर ती वेगळी दिसली असती.

निव्वळ लष्करी लाईन कशी दिसते? सिंध-बलुचिस्तानात पाहा. दुसऱ्या अफगाण युद्धात, काबूलमधला इंग्रज वकील मारला गेल्यावर, १८७९ च्या ऑक्टोबरात सिंधमधल्या रुकहून सिबीकडे रूळ टाकायला सुरुवात झाली. एकशे साडेतेहेतीस मैल, एवढं अंतर १०१ दिवसांत. भराव जवळपास नाहीच, सपाट रखरखीत जमिनीवर स्लीपर ठेवत जायचे. पाणी नाही, वाटेत माल देणारं गाव नाही, नफ्याचा प्रश्नच कोणी विचारला नाही. रोज मैलापेक्षा जास्त रूळ टाकणं म्हणजे काय हे गँगमनला विचारा. आजच्या यंत्रांच्या काळातही तो आकडा ऐकून आम्ही थबकतो.

आणि पुढे जे झालं ते तुमच्या प्रश्नासाठी जास्त बोलकं आहे. जुलै १८८० मध्ये कंदाहारजवळ मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला. त्या लढाईत आपल्या मुंबई फौजेच्या पलटणी होत्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. विलायतेत ग्लॅडस्टनचं सरकार आलेलं होतं, त्याला अफगाणिस्तानातून पाय काढून घ्यायचा होता. सिबीच्या पुढचं काम थांबवायचा हुकूम सुटला, सामान हलवलं गेलं. युद्ध संपलं आणि रेल्वे थांबली! पण १८८३ मध्ये रशिया पुढे सरकतोय म्हटल्यावर तेच काम पुन्हा सुरू झालं, तेही हरनाई रस्ता सुधारणेच्या नावाखाली, रेल्वे हा शब्द टाळून. १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेहवरून रशियाशी युद्धाची वेळ आली तेव्हा पडदा दूर झाला. १८८७ मध्ये हरनाईची लाईन खुली झाली. पुढे खोजक डोंगरात जवळजवळ चार किलोमीटरचा बोगदा काढून लाईन चमनपर्यंत नेली, आणि तिथून कंदाहारपर्यंत टाकता येतील एवढे रूळ तिथे रचून ठेवले. याला म्हणतात लष्करी लाईन.

रुळांची रुंदीही बोलते. डलहौसीने साडेपाच फुटांचं ब्रॉडगेज ठरवलं होतं. १८७० मध्ये खर्च कमी करायला मेयोच्या सरकारने कमी रुंदीचं मीटरगेज आणलं. सिंधू खोऱ्याची आणि पेशावरकडची लाईनसुद्धा मीटरगेज व्हायची होती. लष्कराने आग्रह धरला की सरहद्दीवर तोफा आणि घोडे गाडी बदलत बसणार नाहीत, आणि १८७४ मध्ये त्या दोन्ही ब्रॉडगेज करायचं ठरलं. उलट खंडव्याहून इंदूरकडे जाणारी लाईन घ्या. तुकोजीराव होळकरांनी तिच्यासाठी १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. त्याच वाटेवर महू आहे, मध्य हिंदुस्थानातली मोठी छावणी, जिथे १८५७ मध्ये शिपाई उठले होते. तरीही लाईन झाली मीटरगेज, म्हणजे महूच्या पलटणीला खंडव्याला उतरून गाडी बदलावीच लागणार. लष्कराचं म्हणणं सगळीकडे चालत नव्हतं. कुठे तिजोरी जिंकायची, कुठे सरहद्दीची भीती.

म्हणून तुमच्या मुलीच्या पुस्तकातलं एक वाक्य सगळ्या देशाला लावू नका. कुठली लाईन, कुठलं साल आणि पैसा कोणाचा, यावर उत्तर बदलतं. तुमच्या शेजारच्या मनमाडचंच घ्या. मनमाड-दौंड लाईन १८७८ ची, ७६-७८ च्या दुष्काळाच्या दिवसांतली. तिथे पुन्हा तिसरंच कारण पुढे येतं, धान्य पोचवण्याचं. आणि कारण कुठलंही असो, तूट भरून काढणारा इथला करदाताच होता. एकूण रेल्वेचा सरकारला निव्वळ फायदा दिसायला लागला तो एकोणिसावं शतक संपता संपता. दादाभाई नौरोजी जे पोटतिडकीने सांगत होते, की रूळ इथे पडतात पण व्याज, पगार आणि लोखंडाची किंमत बाहेर जाते, ते या हिशेबात स्पष्ट दिसतं.

मुलीला घेऊन एकदा भुसावळहून खंडव्याकडे दिवसाच्या गाडीने जा आणि डाव्या खिडकीशी बसा. बऱ्हाणपूर सुटल्यावर डाव्या हाताला डोंगरात अशीरगड आहे, १८१९ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला, दक्षिणेचं दार म्हणवला गेलेला किल्ला. जुना रस्ता त्याच्या पायथ्याच्या खिंडीतून जातो, कारण रस्त्यावर नजर ठेवायलाच तो बांधलाय. फक्त पलटणींचा विचार करणाऱ्याने लाईन तिथूनच नेली असती. मोजणी करणाऱ्याने तसं केलं नाही. तो किल्ला डावीकडे सोडून पूर्वेला सरकला, नेपानगरच्या बाजूच्या उतरत्या टेकड्यांतून सौम्य चढ शोधत गेला, कारण भरलेली मालगाडी तिथून ओढता येत होती. आजही तुमची गाडी त्याच रेषेवरून जाते. खिंडीच्या बाजूला बोट दाखवून मुलीला विचारा, लाईन इथून का नेली नाही. तिने चढाचं नाव काढलं तर मला जरूर कळवा.